स्वतःचे घर पाडण्याचा परवाना

घर बांधण्यासाठी परवानगी लागते, हे लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु स्वतःचे घर पाडण्यासाठीही परवानगी लागते, आणि ती मिळविणे हे बांधण्याहून कित्येक पटींनी कठीण असते, हे सत्य डेल्फा स्टिल्टनर हिला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी उमगले. तोवर तिने एकतीस वर्षे शाळेची बस चालविली होती, एक नवरा डोंगरावर पुरला होता, आणि कोणत्याही कागदासमोर मान खाली घातलेली नव्हती.

तिचे घर म्हणजे साठ फूट लांब, बारा फूट रुंद असा पत्र्याचा ट्रेलर. चाकांवरून आलेला, परंतु एकदा बकआय ओढ्याच्या काठी टेकला तो चाळीस वर्षे तसूभरही हलला नाही. त्या वर्षी एप्रिलमध्ये ओढ्याला असा पूर आला की पाणी खिडक्यांच्या चौकटीपर्यंत चढले आणि दारासमोरचा लाकडी पूल काडेपेटीप्रमाणे वाहून गेला. पाणी ओसरले, पण भिंतींत काळी बुरशी शिरली ती शिरलीच. डेल्फा भाच्याने आणून दिलेल्या लहानशा तंबूगाडीत राहू लागली. घर गेले, हे तिने मनोमन मान्य केले होते. जे तिने मान्य केले नाही, ते पुढे सांगतो.

जूनच्या दोन तारखेला काउंटीचा बांधकाम निरीक्षक ट्रेव्हर लायकिन्स गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून ओढ्यातून चालत आला आणि त्याने ट्रेलरच्या दाराला नारिंगी कागद चिकटविला.

"मिस डेल्फा, हे वाचून घ्या," तो शाळेच्या बसमधल्या जुन्या सवयीने म्हणाला. "तीस दिवसांत पाडून, मलबा उचलून, जागा मोकळी करायची. नाही केलीत, तर काउंटी स्वतः ठेकेदार पाठवणार."

"पाठव की. ओढ्यात बुडेल तुझा ठेकेदार."

"ओढ्यातून नाही येणार तो. पूल नाही, काठ भुसभुशीत आहे. यंत्र वरून आणायचं ठरलंय. डोंगरमाथ्याच्या रस्त्यावरून खाली."

डेल्फाने हातातला कॉफीचा पेला पायरीवर ठेवला. डोंगरमाथ्यावरून खाली येणारी एकच वाट होती, आणि ती स्टिल्टनर घराण्याच्या दफनभूमीतून जात होती.

"तिथं माणसं आहेत, ट्रेव्हर."

"थडग्यांना हात नाही लावणार. कडेकडेनं जाईल."

"कडेला काय आहे माहितीय तुला? कडेला जे साधे दगड रोवलेत ना, नाव नाही, गाव नाही, ते दगड नाहीत. माझ्या नवऱ्याच्या आजीची चार लेकरं आहेत ती. एका हिवाळ्यात गेली. दगडावर नाव कोरायला कुणाला सवड होती तेव्हा? आणि त्यांच्या पायाशी माझा ओर्बिन आहे. बारा टनांचं यंत्र कडेनं जाईल म्हणतोस!"

ट्रेव्हरने टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवली. "नियम मी नाही बनवले, मिस डेल्फा."

"तू कसले बनवतोस! तिसरीपर्यंत तुला बुटाची नाडी बांधता येत नव्हती. बसच्या पायरीवर मी बांधून द्यायची. नियमांचं पुस्तक आहे का तुझ्याकडे?"

"आहे. पण ते कोणी वाचत नाही."

"आण इकडे."

पुस्तक बावीस पानांचे होते. डेल्फाने ते तंबूगाडीत बसून दोन वेळा वाचले. बस चालविणाऱ्यांचे नियमपुस्तक ती दरवर्षी परीक्षेआधी याच प्रकारे वाचीत असे, बोट ओळीखाली ठेवून. आणि अनुभवाने तिला हे ज्ञान झाले होते की नियम लिहिणारा मनुष्य पहिल्या पानावर दरडावतो आणि मधल्या कोठल्यातरी पानावर दमून एखादे दार उघडे ठेवतो. ते दार नवव्या पानावर सापडले. पाडकाम परवानाधारक ठेकेदारानेच करावे. तथापि जो मालक स्वतः त्या घरात राहत आला असेल, त्याने ते स्वहस्ते केल्यास हरकत नाही.

त्या दाराला मात्र चार कड्या होत्या. वीज तोडल्याचे पत्र हवे. घरात घातक ॲस्बेस्टॉस नसल्याचा तपासणी-अहवाल हवा. मालकीचा मूळ कागद काउंटीत जमा करावयास हवा. आणि मलब्याच्या प्रत्येक खेपेची कचरा डेपोची पावती हवी. डेपोत चार फुटांहून लांब तुकडा घेतला जाणार नाही.

विजेचा मीटर तर पुरातच गेला होता. ते पत्र दोन दिवसांत आले. तपासणीस एक हसतमुख मुलगी आली, स्वयंपाकघराच्या फरशीचा तुकडा घेऊन गेली, आणि तो निर्दोष असल्याचे तिने कळविले. तिसऱ्या कडीपाशी मात्र डेल्फा अडली.

ट्रेलर हे जमिनीवर बसलेले घर असले तरी त्याचा कागद मोटारीसारखा असतो. ज्याचे नाव कागदावर, तो मालक. आणि त्या खोऱ्यातली रीत अशी की ट्रेलर हातोहात फिरतो, कागद मात्र जिथल्या तिथे राहतो. आज काकाचा, उद्या पुतण्याचा. हस्तांदोलन झाले की व्यवहार पूर्ण. काउंटीच्या खिडकीशी जाऊन सही करणे म्हणजे आपल्याच माणसावर अविश्वास दाखविणे, असे तिथले लोक मानीत. कुटुंबाच्या बायबलमध्ये दडवलेला कागद डेल्फाने उघडला, तेव्हा त्यावर नाव होते एल्झी स्टिल्टनर याचे. ओर्बिनचा काका. चाळीस वर्षांपूर्वी ओर्बिनने एक शिकारी कुत्रा आणि एक बंदूक देऊन तो ट्रेलर त्याच्याकडून घेतला होता.

ती काउंटीच्या कचेरीत गेली. ट्रेव्हरने कागद पाहिला आणि त्याचा चेहरा पडला.

"मिस डेल्फा, कागदाप्रमाणे हे घर तुमचं नाहीच."

"नाही ना? मग नोटीस माझ्या दाराला कशी चिकटवलीस?"

"जमीन तुमची आहे. त्यामुळे जबाबदारी तुमची."

"म्हणजे पाडायची जबाबदारी माझी, आणि पाडायचा हक्क माझा नाही. वा रे लायकिन्स! तुझ्या आईनं तुला एवढं शिकवलं ते ह्यासाठी?"

कचेरीतल्या दोघी कारकून मान खाली घालून हसल्या. ट्रेव्हर हळू आवाजात म्हणाला, "एल्झीची सही आणा. नोटरीसमोर. मग मी परवाना देतो. तुमचा आज सातवा दिवस आहे."

एल्झी स्टिल्टनर ब्याण्णव वर्षांचा होता आणि तालुक्याच्या गावी वृद्धाश्रमात खिडकीपाशी बसून पक्षी मोजीत असे. आश्रमातल्याच एका बाईकडे नोटरीचा शिक्का होता. डेल्फा खुर्ची ओढून समोर बसली.

"एल्झीकाका, सही पाहिजे."

"ट्रेलरचा कागद का? चाळीस वर्षं वाट बघतोय मी. ओर्बिन का नाही आला?"

"ओर्बिन सहा वर्षांपूर्वी गेला, काका. तुम्ही आला होतात मातीला."

"आलो होतो. पण तो माझ्याकडं आला नाही ना. त्याला सांगितलं होतं मी, कुत्रा लंगडा दिलास तू मला. मागचा डावा पाय. कबूल कर, मग सही करतो."

"कुत्रा लंगडा नव्हता."

"होता! रॅकूनच्या मागं धावायचा नाही. बसून राहायचा."

"तुम्ही त्याला मक्याचा पाव आणि डुकराची चरबी चारून चारून पिंप केलं होतंत. धावेल कसा? सगळ्या खोऱ्याला माहितीय."

म्हाताऱ्याचे डोळे लकाकले. "एकदा म्हण, पोरी. लंगडा होता. नुसतं म्हण. तुझं काय जातंय?"

खरोखरच, तिचे काय जात होते? दोन शब्द उच्चारले असते तर सही तत्क्षणी मिळाली असती. परंतु ओर्बिन कधी कोणास फसवून व्यवहार करणारा नव्हता, आणि जो मनुष्य स्वतःची बाजू मांडण्यास उठू शकत नाही, त्याच्या नावाला डाग लावून मिळविलेली सही घेऊन त्याच्याच कबरीचे रक्षण करावे, हे डेल्फाच्या बुद्धीस पटेना.

"नाही म्हणणार," ती म्हणाली. "नका करू सही. यंत्र वरून येईल. दफनभूमीतून. ओर्बिन आहे कडेला, ती चार लेकरं आहेत. ती तुमची भावंडं होती ना, काका? तुमच्या आधीची. आणि मधे तुमची आई."

एल्झी खिडकीबाहेर पाहू लागला. एक लाल पक्षी आला, गेला. त्याने तो मोजला नाही.

"आईवरून यंत्र?"

"कडेकडेनं, म्हणतात."

"हरामखोर," एल्झी म्हणाला, आणि पेनासाठी हात पुढे केला. सही करताना एकही अक्षर त्याने गाळले नाही. कागद परत देताना मात्र तो सोडीना. "कुत्रा लंगडा होता."

"नव्हता."

"बरं. जा आता."

परवाना मिळाला तो अकराव्या दिवशी. त्याच सायंकाळी शेजारचा हॉबर्ट फ्यूगेट पहार घेऊन दारात उभा राहिला. हॉबर्ट कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेला. त्याची छाती वाजे, पण हात शाबूत होते.

"अगं डेल्फा, दोन म्हातारी माणसं साठ फूट घर पाडणार? लोक हसतील."

"हसू दे. हसणाऱ्यांना पहार दे एकेक."

वस्तुतः ट्रेलर बांधला जातो एका दिवसात, पण तो सुटतो मात्र खिळ्याखिळ्याने. प्रथम त्यांनी बाहेरचा पत्रा सोलला. मग पिवळा काचेचा कापूस निघाला, जो अंगाला लागला की दोन दिवस खाज सुटते. लांब बाह्या, तोंडाला फडके, आणि वर जूनचे ऊन. मग भिंतींच्या फळ्या. डेल्फा प्रत्येक फळी मोजून चार फुटांच्या आत कापी. हॉबर्ट चिडे.

"दोन इंचांनी काय होतंय?"

"डेपोवाला परत पाठवील. मग ट्रेव्हर म्हणेल, पावती कुठंय. मी त्याला ती संधी देणार नाही."

हॉबर्टची उंच पिकअप खालच्या उथळ जागेतून ओढा कशीबशी पार करी. खेपेमागून खेप जात राहिली. डेपोच्या काट्यावरचा माणूस पहिल्या दिवशी कपाळाला आठ्या घालून तुकडे मोजीत होता; पाचव्या दिवशी तो नुसता हात हलवू लागला; दहाव्या दिवशी त्याने डेल्फाला थंड सरबताची बाटली दिली. पावत्या ती बायबलमध्ये ठेवी, जिथे चाळीस वर्षे तो कागद होता तिथेच.

निजण्याच्या खोलीची भिंत उघडली तेव्हा आत पेन्सिलीने ओर्बिनच्या हाताने लिहिलेले माप सापडले: "कपाट, चार फूट दोन इंच. डेल्फा म्हणते मोठं हवं." डेल्फाने ती फळी हातात घेतली आणि ओळीखाली बोट ठेवून वाचली.

"ठेवून घे की ती," हॉबर्ट म्हणाला.

"चार फूट दोन इंच आहे," ती म्हणाली, आणि करवत उचलली. लिहिलेला भाग तिने खिशात घातला, उरलेला गाडीत टाकला.

सव्विसाव्या दिवशी जमिनीवर फक्त लोखंडी सांगाडा उरला. दोन लांब तुळया, आडव्या पट्ट्या, पुढे ओढण्याचा दांडा, आणि कुजलेल्या टायरांची चार चाके. डेपो सांगाडा घेत नव्हता. हॉबर्टने गॅस कटर आणला.

"तुकडे करतो. भंगारवाला नेईल."

डेल्फा बावीस पानांचे पुस्तक घेऊन सांगाड्यावर बसली होती. "थांब. सोळावं पान. 'सांगाडा डेपोत स्वीकारला जाणार नाही. मालकाने तो भंगारात द्यावा किंवा अन्य उपयोगात आणावा.' अन्य उपयोग, हॉबर्ट."

"कसला उपयोग?"

तिने ओढ्याकडे बोट दाखविले. जुन्या पुलाचे दोन दगडी खांब दोन्ही काठांवर अजून उभे होते. त्यांच्यामध्ये चाळीस फूट पाणी. सांगाडा साठ फूट.

हॉबर्टने कटर खाली ठेवला आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. "ब्लेव्हिन्सांचा पूल काय आहे मग? आणि चर्चकडचा? ट्रेलरचेच सांगाडे की! सगळं खोरं ट्रेलरवरून चालतं, आणि मी कटर घेऊन उभा!"

पुढचे दोन दिवस त्यांनी जे केले ते पाहण्यास ओढ्यापलीकडे माणसे जमली. आणि जी हसायला आली होती त्यांच्या हाती डेल्फाने खरोखरच दोर दिले. सांगाड्याखाली लाकडी ओंडके घातले. पलीकडच्या काठावरच्या जाड झाडाला चेनपुली बांधली, अलीकडून हॉबर्टच्या ट्रॅक्टरने ढकलले. इंचाइंचाने लोखंड पाण्यावर सरकले. मध्यावर ते एकदा असे झुकले की पाण्यात जाणार असे वाटले. डेल्फा ओरडली, "उजवीकडून सैल सोडा! उजवीकडून! बस वळवता येत नाही का कुणाला?" आणि सांगाडा पलीकडच्या खांबावर धाडकन बसला. हॉबर्टच्या जुन्या कोठाराच्या ओकच्या फळ्या त्यावर ठोकल्या. एकोणतिसाव्या दिवशी सायंकाळी मलब्याची शेवटची खेप त्याच पुलावरून गेली. घराने आपलाच मलबा आपल्याच पाठीवरून पलीकडे पोचविला, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

तिसाव्या दिवशी सकाळी डोंगरमाथ्यावर यंत्राची घरघर ऐकू आली. ठेकेदार वेळेआधीच येऊन दफनभूमीच्या फाटकापाशी थांबला होता. दुपारी बारापर्यंत ट्रेव्हरने जागा मोकळी असल्याचे कळविले नाही, तर यंत्र खाली उतरणार होते.

आदल्या रात्री वर पाऊस झाला होता. ओढा तांबडा आणि कमरेइतका होता. सव्वाअकराला ट्रेव्हर रबरी बूट घालून पलीकडच्या काठावर आला, त्याने पाण्याकडे पाहिले, मग पुलाकडे पाहिले.

"मिस डेल्फा, हे काय आहे?"

"पूल आहे. दिसत नाही?"

"ट्रेलरचा सांगाडा आहे हा! नोटिशीत स्पष्ट आहे, जागा मोकळी करायची."

"जागा मोकळीच आहे. ये, बघ. एक खिळा सापडला तर दाखव."

"पण सांगाडा तर इथंच आहे."

"जागेवर कुठंय? ओढ्यावर आहे. सोळावं पान. अन्य उपयोग." तिने पुस्तक उंच धरले. "आणि पावत्या हव्यात ना? सगळ्या आहेत. पण मी तिकडे येणार नाही. तपासणी तुझं काम. तू इकडे ये."

"हा पूल मजबूत आहे का?"

"पाण्यातून ये मग. बूट आहेत की तुझे."

ट्रेव्हरने पुन्हा एकदा पाण्याकडे पाहिले. मग त्याने पहिल्या फळीवर पाय ठेवला, दुसऱ्या फळीवर ठेवला, आणि पूल हलत नाही असे पाहून चालत आला. त्याने मोकळी जागा पायांनी मोजली, पावत्या एकेक करून वाचल्या. डोंगरावर यंत्र घरघरतच होते. वीस मिनिटे गेली.

"अजून एक राहिलं," तो शेवटी म्हणाला, आणि त्याचा आवाज आता निरीक्षकाचा कमी आणि बसमधल्या मुलाचा जास्त वाटला. "कागद रद्द करायचा तर क्रमांक ताडून बघावा लागतो. तो सांगाड्यावर ठोकलेला असतो. पुढच्या पट्टीवर."

"असतो ना. पुढची पट्टी पलीकडच्या टोकाला आहे. खालच्या अंगाला. पाण्यावर."

"म्हणजे..."

"म्हणजे झोप."

काउंटीचा निरीक्षक पुलावर पालथा झोपला आणि त्याने डोके खाली लोंबते सोडले. त्याची कचेरीची टोपी घसरून ओढ्यात पडली आणि दिमाखात वाहत निघून गेली. हॉबर्टने तोंडावर हात धरला. डेल्फाने मात्र हसू आवरले. ती ट्रेव्हरचा पट्टा मुठीत घट्ट धरून उभी होती.

"सात... चार... नऊ," खालून आवाज आला, "शून्य, शून्य, तीन, दोन."

ट्रेव्हरने कचेरीतून आणलेल्या मूळ कागदावर डेल्फाने बोट फिरवले. "बरोबर."

तो लाल झालेला चेहरा घेऊन उठला. घड्याळात बाराला अकरा मिनिटे होती. त्याने गुडघ्यावर कागद टेकवून लिहिले: घर पाडले, मलबा उचलला, कागद रद्द. सही केली. मग ठेकेदाराला फोन लावला.

"रस्टी? यंत्र परत ने. हो, परत. जागा मोकळी आहे. नाही, मी बघितली स्वतः."

थोड्या वेळाने डोंगरमाथ्यावरची घरघर फिरली, मंद झाली, आणि थांबली. दफनभूमीच्या कडेचे चार दगड जिथे होते तिथेच राहिले.

डेल्फाने तंबूगाडीतून पातेले आणले. शिजवलेला घेवडा, वर चिरलेला कांदा, मक्याचा पाव. ट्रेव्हर पुलाच्या टोकावर बसून खाऊ लागला. अर्धी वाटी संपल्यावर त्याने पायाखालच्या फळ्यांकडे पाहिले आणि चमचा थांबवला.

"मिस डेल्फा, ओढ्यावरच्या पुलालाही परवाना लागतो बरं का."

"किती पानांचं पुस्तक आहे?"

"एकेचाळीस."

"आण उद्या," डेल्फा म्हणाली, आणि त्याच्या वाटीत आणखी एक डाव घेवडा वाढला. "आणि येताना पुलावरूनच ये."